कौल, माळवद, पत्रा की स्लॅब? कणकुंबीपासून अथणीपर्यंतची आपली छपरे

मलप्रभाकाठ

सर्वांना नमस्कार. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जांबोटी ओलांडून पुढे गेले की जंगलाच्या कडेला आमचे गाव लागते. तिथल्या आमच्या जुन्या घराचे आढे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, यंदाच्या पावसाळ्यात मधोमध खाली बसले. दिवाळीला सगळी भावकी जमली, तेव्हा छपराचे काय करायचे या एकाच विषयावर दोन दिवस बोलणे चालले होते. थोरले बंधू म्हणतात की जुने लाकूड सगळे उतरवून स्लॅब टाकावा, म्हणजे पुढची पन्नास वर्षे बघायला नको. आईला कौलेच हवी आहेत. पुण्याला असलेला पुतण्या रंगीत पत्र्यांचे फोटो दाखवतो. निर्णय शेवटी माझ्यावर सोपवला आहे, म्हणून जाणकारांना विचारावे या हेतूने हा धागा काढत आहे.

प्रश्न केवळ आमच्या घरापुरता आहे असे मात्र मला वाटत नाही. नोकरीच्या निमित्ताने मी हा बेळगाव जिल्हा पायाखाली घातला आहे. कणकुंबीहून निघून बेळगाव, संकेश्वर, चिकोडी करत अथणीला पोहोचेपर्यंत दोनशे किलोमीटरही होत नाहीत, पण तेवढ्या अंतरात घरांचे माथे पार बदलून जातात. कणकुंबीकडे पाखी, म्हणजे छपराचे उतार, इतकी खाली उतरलेली असतात की वळचणीखाली वाकूनच शिरावे लागते, आणि पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून बाहेरून तट्टे बांधलेले असतात. येळ्ळूरकडे दुपाखी घरांचा उतार बेताचा होतो. संकेश्वर मागे पडले की मधूनमधून सपाट धाबी दिसू लागतात, आणि अथणीच्या जुन्या गावठाणात माळवदाला माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छपराला छप्पर, लागलेले असते. कारण आभाळातच आहे. कणकुंबीच्या बाजूला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, तर अथणीकडे तो ६०० मिलिमीटरच्या आसपास असतो. आता मात्र दोन्हीकडे तोच सपाट स्लॅब पडतो आहे, आणि हे मला मनापासून खटकते.

आमचे घर चौपाखी आहे. पुढे सोपा, मध्ये माजघर, मागे पडवी आणि त्यामागे परसू. खांब आणि तुळया किंजळ नि नाणा या झाडांच्या लाकडाच्या आहेत. पणजोबांच्या वेळी वर नळीची कौले होती. कुंभार चाकावर नळी ओढायचा आणि ती ओली असतानाच उभी चिरून तिची दोन कौले करायचा. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, अशी ती बसवत असत. आजोबांनी ती काढून मंगळूरी कौले घातली. त्यांतल्या काही कौलांच्या पाठीवर १८६५ हा आकडा उठवलेला आहे आणि आमच्या घरात बरीच वर्षे समज असा होता की ती कौले त्याच साली भाजलेली आहेत. पुढे कळले की बासेल मिशनच्या गेओर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळूरच्या जेप्पू भागात १८६५ साली पहिला कौलांचा कारखाना काढला, आणि त्या कारखान्याच्या स्थापनेचे ते साल पुढेही कौलांवर छापले जात राहिले. असे असले तरी कौल हातात घेऊन बोटाच्या पेराने वाजवले तर आजही पितळी ताटासारखा आवाज येतो.

आमच्याकडे दर वैशाखात घर शेकारणे, म्हणजे कौले उचलून नीट करून पुन्हा बसवणे, हा ठरलेला कार्यक्रम असे. वडील आढ्यावर बसत, मधल्या टप्प्यावर काका, आणि खाली आम्ही पोरे. पाय कौलाच्या मध्यावर कधी टाकायचा नाही, जिथे खाली वासा आहे त्या रेषेवरच टाकायचा, हे आम्हाला पाढ्यांच्याही आधी शिकवले होते. कौल उचलले की खाली उंदराने ओढून नेलेल्या भाताच्या लोंब्या, शेवाळाचा हिरवा पापुद्रा आणि कधी विंचू सापडायचा. एका पाख्याचे काम एका दिवसात उरकायचे, कारण वळवाचा नेम नसतो. ते काम करणारा गावातला शेवटचा माणूस आता सत्तरीच्या पुढे आहे आणि त्याची मुले गोव्याला कामाला गेली आहेत. वानरांची टोळी आठवड्यातून दोनदा आढ्यावरून धावते आणि प्रत्येक वेळी चार-सहा कौले फुटतात. थोरल्या बंधूंचे म्हणणे मला याच एका ठिकाणी पटते. छप्पर कोणत्या आकाराचे असावे हे पाऊस सांगतो, पण ते टिकेल की नाही हे त्यावर चढणारी माणसे उरली आहेत का, यावर ठरते.

तरी जाणकारांनी आपापल्या भागातील छपरांविषयी सविस्तर लिहावे आणि मला मार्गही सुचवावा.

अथणीकर

मलप्रभाकाठ दादा, आपण अथणीच्या माळवदांचा उल्लेख केलात, म्हणून त्याविषयी लिहितो. ज्या घरात माझे बालपण गेले त्याच्या भिंती दोन हात जाड होत्या. त्यांच्यावर तुळया, तुळयांवर हात-दीड हात अंतराने कड्या, कड्यांवर किलच म्हणजे लाकडाच्या बारीक चिपा दाटीने बसवलेल्या, त्यावर लिंबाचा पाला आणि तुराट्या, मग चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती, अशी त्याची रचना होती. ही पांढरी माती गावठाणाच्या जुन्या टेकाडावरूनच आणायची, शेतातली काळी माती चालत नाही. काळी माती उन्हाने भेगाळते आणि पहिल्या सरीचे पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरते. पांढरी माती भिजली की दाबून बसते आणि पाणी वरच्या वर पन्हाळ्याकडे वाहून जाते. मृगाच्या आधी तिच्यावर उगवलेले गवत मुळासकट काढायचे, धुमसाने ती चोपायची, आणि पन्हाळ्याच्या तोंडाशी चुन्याचा हात फिरवायचा, एवढी निगा पुरत असे. कन्नड शेजारी अशा घराला माळिगेचे घर म्हणतात. घडण दोन्हीकडची एकच आहे.

उन्हाळ्यात दुपारी बाहेर चटके बसत असताना आत घागरीसारखा गारवा असे. उजेड यायचा तो छतातल्या सवण्यातून, आणि पाऊस आला की त्यावर दगडी झाकण ओढायला आम्हा मुलांना पळावे लागे. संकेश्वरी मिरची, शेंगा, सांडगे, कुरडया सगळे वरच वाळायचे, आणि चैत्र-वैशाखाच्या रात्री अख्खी आळी आपापल्या माळवदावर झोपत असे. उतरत्या छपराला हे सुख नाही, म्हणून सपाट माथा आमच्याकडच्या जगण्याला धरून होता, असे मला वाटते.

पण त्याचा एक दोष मी लपवणार नाही. गळू लागले की आधीची माती खरवडायची सोडून लोक वर नवा थर चढवतात. दहा-पंधरा वर्षांत मातीचा थर नऊ इंचांवर जातो, आणि तेवढ्या मातीचे वजन चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या घरात भरते. कड्या वाकतात, भिंतीवरचा भार वाढतो आणि एखाद्या ओल्या श्रावणात सगळे खाली येते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली, त्यात दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे यांचा वाटा मोठा होता. त्या वर्षानंतर माझ्या वडिलांनी आमच्या माळवदावरची अर्धी माती उतरवली. ते घर अजून उभे आहे.

सुतारकीचा_वारसा

दादा, आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे, म्हणून आधी एक विनंती करतो. आढे बसले म्हणजे आढे मोडले असे समजू नका. बहुतेक वेळा दोष भिंतीजवळ असतो. वासे दोन्ही बाजूंनी भिंतीला बाहेर रेटत असतात आणि तो रेटा तुळई आवरून धरते. भिंतीत गेलेले तुळईचे टोक ओलीने कुजले की तिची पकड सुटते, भिंतीचा माथा बाहेर झुकतो आणि आढे आपोआप खाली येते. भिंतीच्या माथ्यावरून जोत्यापर्यंत ओळंबा (वजन बांधलेली दोरी) सोडून पाहा, म्हणजे काय ते समजेल.

आता उताराविषयी. मंगळूरी कौलाला फुटामागे निदान सहा इंच उंची हवी, म्हणजे साधारण सव्वीस-सत्तावीस अंशांचा कोन येतो. त्याहून कमी उतार दिला तर वारा पाण्याला उलटे चढवतो आणि कौल चांगले असूनही घर गळते. आपल्या भागात मी फुटाला आठ-नऊ इंच देतो. अलीकडे लोखंडी नळ्यांचा सांगाडा करणारे कारागीर पत्र्याच्या सवयीने उतार कमी ठेवतात आणि त्यावर कौले घालतात. अशी गळणारी तीन घरे मी स्वतः उतरवून पुन्हा बांधली आहेत.

आणखी एक गोष्ट अगदी बारकाईने पाहण्याची आहे. कौलांचे साचे कारखान्यागणिक वेगळे असतात. जुन्या कौलात नवे कौल मिसळले की खाचेत खाच बसत नाही, आणि त्या सांध्यातून पाणी आत येते. रिपांमधले, म्हणजे कौले ज्यांवर अडकतात त्या आडव्या पट्ट्यांमधले, अंतर पुस्तकातून घेऊ नये. दहा-बारा कौले जमिनीवर एकात एक अडकवून मांडावीत, एकदा ताणून मोजावे, एकदा दाबून मोजावे, आणि मधले माप धरावे. बहुधा ते साडेबारा इंचांच्या आसपास येते, पण त्या अर्ध्या इंचातच सगळे असते.

वडगावचा_विणकर

बेळगावातल्या आमच्या वडगाव-शहापूर भागात माग घरातच असतात, त्यामुळे छप्पर गळले की आधी ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, भिजतो. म्हणून मागाच्या वरच्या पाख्यात काचेची दोन कौले उजेडासाठी ठेवायची आणि त्या पाख्याची दुरुस्ती सर्वांत आधी करायची, अशी आमच्या वडिलांची रीत होती. स्लॅब झाल्यावर गळती थांबली हे खरे आहे, पण दिवसाही दिवा लावल्याशिवाय धागा दिसत नाही.

स्थापत्य_बेळगाव

मी बांधकाम अभियंता आहे. चर्चा स्लॅबच्या विरोधात झुकते आहे, म्हणून दुसरी बाजूही मांडतो. शहरात, जिथे वर मजला चढवायचा आहे आणि जागा कमी आहे, तिथे स्लॅबला पर्याय नाही. नीट केलेला स्लॅब गळत नाही. गळतो तो घाईने केलेला. त्यात माथ्याला शंभराला एक तरी उतार नसतो, विटांच्या तुकड्यांचा कोबा नीट मुरवलेला नसतो, आणि सळईखाली पुरेसे काँक्रीट राहिलेले नसते. ओल सळईपर्यंत पोहोचली की गंज फुगतो आणि खालचा गिलावा पोपडे धरून पडू लागतो.

आपल्या घराविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. मंगळूरी कौल अडीच-तीन किलोचे असते आणि चौरस मीटरला साधारण पंधरा कौले लागतात, म्हणजे कौलांचे वजन चाळीस-पंचेचाळीस किलो होते. पाच इंची स्लॅब तेवढ्याच जागेत तीनशे किलोंच्या वर जातो. दगडमातीच्या जुन्या भिंतींवर तो भार टाकता येणार नाही. पायापासून नवे खांब उभे करावे लागतील, म्हणजे छप्पर बदलण्याच्या नावाखाली घरच नवे बांधावे लागेल. आपल्या बंधूंना हे आकडे अवश्य दाखवावेत. शिवाय खानापूरच्या पश्चिमेला मी जे स्लॅब पाहतो, त्यांतल्या बऱ्याच स्लॅबांवर पाच-सहा वर्षांत पत्र्याचे शेड चढलेले असते, आणि मालकाला दोन छपरांचा खर्च पडतो.

नवे घरच बांधायचे ठरले तर जुनी कौले फेकू नयेत. वास्तुरचनाकार लॉरी बेकर यांनी केरळात रुजवलेल्या पद्धतीत स्लॅबच्या खालच्या भागात, जिथे काँक्रीटचा ताणासाठी उपयोग होत नाही, तिथे सळयांच्या मधल्या चौकोनांत जुनी कौले बसवतात. त्यामुळे काँक्रीट वाचते, वजन घटते आणि खालून कौलांची नक्षी दिसते. उतरता स्लॅब टाकून त्यावर कौले चिकटवण्याचाही मार्ग आहे.

मलप्रभाकाठ

साहेब, आकड्यांबद्दल मनापासून आभार. मात्र कौले सिमेंटने चिकटवण्याचा मार्ग मला पटत नाही. चिकटवलेले कौल उचलता येत नाही. वानराने एक फोडले की ते खरवडूनच काढावे लागेल, आणि तोवर पाणी स्लॅबवर साचत राहील. कौलारू छपराचा मोठा गुण असा आहे की गळती कुठे आहे ते खालून दिसते आणि एक कौल सरकवून ती थांबवता येते.

दूधगंगेचा_शेतकरी

आमच्या चिकोडी भागात पाऊस बेताचा, पण नद्यांचे पाणी दारात येते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमच्या गावातल्या मातीच्या भिंती चार दिवस पाण्यात उभ्या राहिल्या आणि पाणी ओसरल्यावर पडल्या. भिंतींबरोबर छपरेही गेली, मग ती कौलारू असोत की धाब्याची. त्यानंतर डोक्यावर तातडीने आडोसा हवा म्हणून बहुतेकांनी पत्रेच घातले, आणि त्या दिवसांत त्याहून दुसरे काही शक्यही नव्हते. गोठ्यांवर आजही उसाचे पाचट असते. ते दोन-तीन वर्षांनी बदलावे लागते, पण जनावरांना त्याच्याखाली जो गारवा मिळतो तो पत्र्याखाली मिळत नाही. दूध काढताना म्हैस शांत उभी राहते की नाही, यावरूनच तो फरक कळतो.

पत्र्याला वळवाच्या वाऱ्याची भीती असते. नुसते दगड ठेवून भागत नाही, कारण वारा खालून शिरतो. वाऱ्याच्या बाजूची कड आणि कोपरे यांना जवळजवळ हूक घातले पाहिजेत, आणि पत्रा भिंतीच्या फार बाहेर काढू नये.

निपाणीची_लेक

माझे माहेर निपाणीचे आहे. तंबाखूच्या जुन्या वखारींच्या लाकडी कैच्या, म्हणजे छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे, आणि त्यांवरची लांबच लांब कौलारू पाखी पाहतच मी मोठी झाले. आता सासरी पत्र्याच्या घरात आहे. पावसाळ्यात समोरच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही आणि एप्रिलमध्ये दुपारी स्वयंपाकघरात उभे राहवत नाही. पुरुषमाणसे त्या वेळी शेतावर किंवा कट्ट्यावर असतात, त्यामुळे छप्पर निवडताना हा ताप मोजला जात नाही. दादा, आपल्या मातोश्री कौलांचा आग्रह धरतात त्यामागे केवळ जुन्याची ओढ नसावी. दिवसभर घरात वावरणाऱ्या माणसाचे मत सर्वांत आधी विचारावे, असे मी कळकळीने सांगते. सोयरीक जमवताना आजकाल "स्लॅबचे घर आहे ना?" असे विचारले जाते, आणि त्या एका प्रश्नापायी कित्येक चांगली घरे पाडली गेली आहेत.

सिमेंटच्या जुन्या राखाडी पत्र्यांबद्दलही लिहिते. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याचे सर्व प्रकार कर्करोगाला कारण ठरतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. पत्रा अखंड असेपर्यंत धोका कमी असतो. तो करवतीने कापताना किंवा आपटून फोडताना जी धूळ उडते, ती छातीत जाते. उतरवायचाच असेल तर पाणी मारून, हूक सोडवून अखंड उतरवावा, आणि त्याचे तुकडे परसात किंवा गोठ्यात वापरू नयेत.

सुतारकीचा_वारसा

ताई, आपण घरातल्या वावराविषयी लिहिलेत, त्यावरून एक आठवले. चुलीचा धूर वर्षानुवर्षे वाशांत मुरायचा आणि त्या काळ्या लाकडाला कीड सहसा शिवत नसे. घरात गॅस आल्यापासून तो धूर थांबला, आणि आता स्वयंपाकघरावरच्या वाशांतूनच पिठासारखा भुसा पडताना दिसतो. म्हणून जुने लाकूड ठेवायचे असेल तर कीडनाशक तेलाचा हात तीन-चार वर्षांनी द्यावा, आणि भिंतीत जाणारी टोके आधी पाहावीत.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण दरम्यान कामच सुरू केले होते.

सुतारकीचा_वारसा यांनी सांगितल्याप्रमाणे ओळंबा सोडला. पडवीकडच्या भिंतीचा माथा दीड इंच बाहेर गेला होता. तिथला गिलावा फोडल्यावर तुळईचे टोक हाताने कुस्करता येईल इतके कुजलेले निघाले. आढे मात्र धडधाकट होते. थोरल्या बंधूंना ते टोक आणि स्लॅबच्या वजनाचा हिशेब असे दोन्ही दाखवले. त्यांनी बराच वेळ काही न बोलता तो भुसा चिमटीत धरून पाहिला, आणि मग त्यांनीच सुताराला निरोप धाडला.

सोपा आणि माजघर यांवरचे लाकूड तसेच ठेवले, पडवीकडची तुळई बदलली, आणि मागच्या पाख्याला लोखंडी नळ्यांचा सांगाडा फुटाला नऊ इंचांच्या उताराने केला. कौले उतरवताना प्रत्येक कौल थापीच्या दांड्याने वाजवून पाहिले. खणखणीत वाजले ते एका बाजूला, बोदे वाजले ते दुसऱ्या बाजूला. चांगली निघालेली जुनी कौले पुढच्या आणि दोन्ही बाजूंच्या पाख्यांना पुरली. मागच्या पाख्यावर सगळी नवी घातली, म्हणजे जुन्या-नव्याचा सांधा फक्त कोन्यांखाली, म्हणजे दोन पाखी मिळतात तिथल्या कौलांखाली, येतो आणि खाचेचा प्रश्न उरत नाही. वानरांसाठी आढ्यालगतच्या दोन्ही ओळींची कौले तारेने रिपांना बांधली आहेत.

काचेचे कौल कुठे बसवायचे हे आईने ठरवले. पूर्वी सकाळचा कवडसा जात्याच्या खुंट्याला लागला की ती दुधाचे भांडे वर ठेवत असे. आता जाते नाही, म्हणून तिने सुताराला कौल तीन ओळी खाली घ्यायला लावले, कवडसा ओट्यावर येईपर्यंत.

दीडशे कौले परसात फणसाखाली रचून ठेवली आहेत. भावकीतली दोन मुले या कामात पहिल्या दिवसापासून वर होती. गावातल्या त्या वृद्ध कारागिराला खाली खुर्ची टाकून बसवले होते, आणि पाय कुठे टाकायचा हे ते तिथूनच काठीने दाखवत होते. वैशाखात शेकारायला ही दोघे मुले चढणार आहेत.